वन्संची दुसरी काठी

५ जानेवारी, रविवार. महाड.
नगरपरिषदेच्या उद्यानात आज पहिला वर्ग झाला. आले ते थोडेच, आणि त्यांतले निम्मे बाकावर बसून पाहणारे.
नॉर्डिक चालीचे (यापुढे ना.चा.) तत्त्व फळा-खडूविना समजावले. दोन्ही हातांत दोन काठ्या. डावा पाय पुढे, तेव्हा उजवा हात पुढे. काठी तिरपी, तिचे टोक पावलाच्या मागे. टेकायचे नाही, मागे ढकलायचे. म्हणजे चालण्याच्या कामात दंड आणि पाठही सहभागी होतात, आणि गुडघ्यांना सोबत मिळते. सर्वांनी माना डोलावल्या. मग सर्वांनी काठ्या पुढे टेकवल्या.
आमच्या आळीतल्या कमलकाकू (सारा जन्म मुंबईत, आता गावी): "बाई, हा तर लंगड्यांचा मेळा झाला! फोटो मत निकालो."
वन्सं आल्या नाहीत. दारापर्यंत आल्या, चप्पल घातली, पुन्हा काढली.

८ जानेवारी, बुधवार
वन्संसाठीच हा सारा खटाटोप, हे निदान इथे तरी लिहावे. त्या ह्यांच्या थोरल्या बहीण. सासूबाई लवकर गेल्या, ह्यांना वन्संनीच वाढवले. जन्म कापड्याच्या वरच्या वाडीत गेला. गुरे, शेती, घर, सारे एकटीने. दोन वर्षांपूर्वी वाडीकडे चढणाऱ्या घाटीच्या पायवाटेवर पडल्या, मांडीचे हाड मोडले, आणि ह्यांनी त्यांना खाली आमच्याकडे आणले. हाड जुळले. धीर अजून सांधायचा आहे. घरात भिंतीच्या आधाराने चालतात, उंबऱ्याबाहेर नाही.
आज जेवताना विषय निघाला. गेले दोन शिमगे वरच्या घराचे दार बंद. गावदेवीची पालखी घरोघर जाते, बंद दाराशी थांबत नाही. आमच्या अंगणावरून तशीच पुढे गेली. वन्संना ते पडण्यापेक्षाही जास्त लागले आहे.
"औंदा दार उघडायला मी जानार, बाळू."
हे : "घाटी आपल्या पायांनी चढ. कुणाचा हात न धरता. मग जा, राहासुद्धा. नाही तर हा विषय पुन्हा नको."
"आन् पावसात ऱ्हायले तर?"
ह्यांनी भाताकडे पाहिले. तळीयेवर दरड कोसळली तेव्हापासून पाऊस आणि डोंगर हे दोन शब्द ह्यांच्यासमोर एका वाक्यात आणायचे नसतात.

१२ जानेवारी, रविवार
वन्सं आल्या!! रिक्षाने. बाकावर बसल्या आणि वर्गावर देखरेख केली. कमलकाकूंना : "गो बाय, कंबर काय अशी हलवतेस, वरातीत हायस का?"
रखवालदाराची तक्रार : हिरवळीला भोके पडतात. योग्य आहे. काठ्यांच्या टोकांना रबरी बूच बसवले. भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट. तिने पाठवलेल्या जोड्या अपुऱ्या, म्हणून बुरुडाकडून वेळूच्या करून घेतल्या. उंची : काठी उभी धरली की कोपर काटकोनात. एवढे एक सूत्र पुरते.

१५ जानेवारी, बुधवार
वन्संनी काठी घेतली. एक.
"दोन नको. दोन काठ्या म्हंजे चार पाय. मी काय ढोर हाय?"
एकच घेऊन निघाल्या आणि पहिल्याच वळणावर कडेच्या गवतात ती ठोकत चालू लागल्या. मी म्हटले, वन्सं, पुढे नाही, मागे. "मागं कशाला? साप म्होरं असतो." नगरपरिषदेच्या ट्रॅकवर साप नसतात, हे पटवून द्यायला मला अर्धी फेरी लागली. पटले नाहीच.
मग ध्यानात आले, की सगळेच पुढे का टेकवतात. डोंगरातली काठी वाट चाचपायला असते, उतारावर अंग तोलायला असते. ती पुढेच पडणार. हात जन्मभर जे शिकला, ते मी दोन वाक्यांत विसरायला सांगते आहे. उदाहरण बदलले पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार
उदाहरण सापडले! वर्गात तुडीलचे नामदेवतात्या येतात. तरुणपणी सावित्री नदीत होडी चालवलेली. सर्वांसमोर विचारले :
"तात्या, होडी पुढे न्यायची, तर हातातला लांब वासा कुठे रोवायचा?"
"मागं. आणखी कुठं? म्होरं रोवला तर होडी थांबंल."
"मग आपण होडी आहोत. काठी हा वासा. हा ट्रॅक म्हणजे नदी."
तात्यांनी काठी मागे रोवली, रेटली आणि निघाले. त्यांच्यामागून कमलकाकू. तिरप्या काठ्या, सरळ पाठी! बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले, पण आख्ख्या वर्गाला एकदम समजल्याचा आनंद अजून तेवढाच होतो.
वन्सं बाकावरून : "होडी बुडंल हां तात्या, पोट आत घ्या."

२ फेब्रुवारी, रविवार
वन्संनी दुसरी काठी मागितली. कारण सांगितले नाही. भाचीकडची सर्वांत हलकी जोडी दिली. तिचे नाव त्यांनी ठेवले आहे 'पुनेकरनी'.
एक अडचण. पाय नीट पडतात, डावा हात नीट झुलतो, उजवा हात मात्र काठीसकट वर जातो. पुष्कळ निरीक्षण केल्यावर उलगडले : जन्मभर डोक्यावर हंडा, भारा, उजवा हात तो धरायला. डोक्यावर काही नसले तरी हात आपल्या कामावर हजर. त्यांना सांगितले तर इतक्या हसल्या की रखवालदार बघायला आला.
"त्याला सांग गो सुधे, उतरला भारा. आता मोकळा हो म्हनावं."
मी त्यांच्या उजव्या बाजूने चालले आणि दर पावलाला हळूच म्हणत राहिले, उतरला भारा, उतरला भारा. एक पूर्ण फेरी झाली. भिंत नाही, हात नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. पोलादपूर.
शाळेच्या मैदानात दुसरा गट सुरू. मुख्याध्यापकांनी आनंदाने मैदान दिले. आसपासच्या वाड्यांतल्या बायका बऱ्याच. "विश्रांती" म्हटले आणि सगळ्यांनी एकाच वेळी काठ्या मानेमागे खांद्यांवर आडव्या घेतल्या, त्यांवर दोन्ही मनगटे टाकली आणि उभ्या राहिल्या. गुरे चरायला सोडून राहतात तशा. मी हा व्यायाम पुस्तकात कुठेही वाचलेला नाही. खांदे उघडतात, पाठ ताणली जाते. अभ्यासक्रमात समाविष्ट करते आहे.
तिथे प्रात्यक्षिक वन्संनी दिले! मी फक्त निवेदन.
परतताना एस.टी.त त्या खिडकीशी, डोंगराकडे तोंड करून. मला एकदम जाणवले, की मी शिकवते आहे तीच चाल त्यांना माझ्या घरातून घेऊन जाणार. सकाळचा पहिला चहा आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून पितो. हे उठेपर्यंत साऱ्या आळीचा हिशेब लागलेला असतो. ते

(अपुरे राहिले, दूध उतू गेले.)

२ मार्च, रविवार
पायऱ्यांचा सराव. चढताना काठ्या दोन्ही बाजूंना, जवळ; उतरताना मात्र पुढे. हे सांगितल्यावर वन्सं विजयी मुद्रेने : "मंग मी पयल्यापासनं काय बोलत व्हते?"
ह्यांना आज पहिल्यांदा उद्यानात आणले. झाडामागे उभे राहून पाहत होते. बहिणीची फेरी पूर्ण झाली तेव्हा चष्मा पुसत होते. घरी आल्यावर म्हणाले, "ट्रॅक सपाट आहे." बस्स, एवढेच.
आज मनात आले, की म्हणावे, वन्सं, यंदा नको, पुढच्या वर्षी जाऊ, अजून सराव हवा. ते खोटे ठरले असते. म्हटले नाही.

१६ मार्च, रविवार. वरची वाडी.
चढल्या.
क्रमाने लिहिते. रस्ता संपतो तिथे जीप सोडली. पुढे वन्सं, मागे हे, शेवटी मी पिशव्या घेऊन. ह्यांचा हात सारखा अर्धवट पुढे, झेलायला तयार. पहिला चढ झाला. मग ते उंबराचे झाड, जिथे त्या पडल्या होत्या. वन्सं थांबल्या. पुणेकरणी मानेमागे आडव्या घेतल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मी मनात हजार सूचना तयार केल्या, एकही बोलले नाही.
मग मागे न पाहताच : "बाळू, तू म्होरं हो. मागं कुनी असलं की मला ढोर झाल्यागत वाटतं."
"अक्का, अगं..."
"म्होरं हो रे."
हे पुढे गेले. एकदाही वळून पाहिले नाही. मान इतकी ताठ, की दुखली असणार. त्यांच्यामागे वन्संच्या काठ्यांचा आवाज एका लयीत, आणि वन्संच्या उजव्या बाजूला मी. उजवा हात दोनदा वर गेला. मी हळूच म्हटले, उतरला भारा.
दार उघडले तेव्हा आत धुळीचा आणि शेणाच्या जुन्या सारवणाचा वास. झाडलोट, सडा, दिवा. संध्याकाळी ढोल ऐकू आले. पालखी अंगणात थांबली. वन्संनी ओटी भरली, नारळ दिला. पालखीचा एक भोई, मुंबईहून शिमग्याला आलेला, काठ्यांकडे बघून :
"आत्ये, बर्फात चाललीस काय गो?"
"व्हय. तुज्या मुंबईला बरफ पडलाय, तुला न्यायला येतेय."
रात्री हे अंगणातच बसून राहिले.

१७ मार्च, सोमवार
निघायची वेळ. ह्यांनी एवढेच विचारले, "येतेस?"
वन्सं शेजाऱ्यांच्या गोठ्यात होत्या. पडल्यावर तिथे सांभाळायला दिलेली त्यांची चंद्री गाय ह्यांना पाहून बिचकून दोरी ताणते, वन्संना पाहून नाही. गोठ्यातूनच उत्तर आले, "घर आत्ता तर उघडलंय, बाळू. लगीच कुलूप लावू?"
"पाऊस लागला की?"
"बघू. अजून चैत बी नाय लागला."
शब्द ह्यांनीच दिला होता. मोडला नाही. खाली वाकून पाया पडले आणि चालू लागले.
मी रेंगाळले. वन्संनी भिंतीशी उभ्या केलेल्या पुणेकरणींपैकी एक उचलून माझ्या हातात दिली.
"ही तू ने."
"वन्सं, जोडी आहे ती. एका काठीने ना.चा. होत नाही, मी किती वेळा सांगितलंय."
"म्हनूनच देतेय. मला मास्तरीन नाय का केलंस तू? एकीनं भागत नाय, मला बी ठाव हाय."
घाटी उतरताना मी ती काठी पुढे टेकवत, गवतात ठोकत आले. साप एकही नव्हता.

१९ मार्च, बुधवार. महाड.
वर्ग झाला. तात्यांनी सर्वांना होडीचे उदाहरण माझ्याआधीच सांगून टाकले.
सकाळचा चहा दोघींचा टाकला. चूक लक्षात आल्यावर ह्यांना उठवून दिला. अंथरुणात बसून प्याले, आणि मग अचानक : "उद्यान नुसतं रविवारी कर, आणि पोलादपूरचा वर्ग बुधवारी ठेव. तिथून कापडे काय लांब आहे."
काठी दारामागे उभी आहे. दुसरी वर. पुढच्या वेळी मी ही घेऊन चढायचे, की त्यांनी ती घेऊन उतरायचे, ते आमच्यात ठरलेले नाही. ह्यांनी आज तिच्या टोकाचा झिजलेले रबरी बूच बदलले आणि ती परत जागेवर ठेवली.