अंगणापलीकडचं नेट

८ नोव्हेंबर, पोशीर

पुन्हा कटकट. बाबांना – माझ्या सासऱ्यांना, आबाजींना – नेट वेगळं हवंय. फायबर आमच्या घरात येतं, तिथून एक वायर अंगणापलीकडे कोंडाजीकाकांकडे जाते. दोघे सख्खे भाऊ. आमच्या लग्नपत्रिकेत काकांचं नाव जितेशच्या मामांच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून बोलणं बंद. माझा संसार जेवढा जुना, तेवढंच हे भांडण.

“त्याच्या घरातलं आपल्यात कायपन नको,” बाबा म्हणाले. काकांनीही काकूंकरवी निरोप धाडला – “सून कंपनीत हेच करते ना? मग आमचं बी तोडून दे.”

मोहोपाड्याच्या कंपनीत मी खरंच हेच करते. दोन व्हीलॅन केले, म्हणजे एकाच नेटचे दोन कप्पे. वायरी जोडायचं स्विच तेच, वायर तीच, पण आता या घरचं त्या घराला दिसणार नाही.

९ नोव्हेंबर

बाबा सारखे फोन पुसतायत. “ह्यात त्याच्या ओट्यावरचा कॅमेरा दिसायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आन् काठी न घेता हिंडतो तो.” म्हटलं, तुम्हीच तोडायला सांगितलंत. “मी कुठं काय बोलतोय?”

१६ नोव्हेंबर

दुपारपासून दोन्ही घरांचं नेट ठार. स्विचचे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकतायत. जितेशची मीटिंग तुटली. “तूच काहीतरी केलंयस.”

१७ नोव्हेंबर

वायरींचा फेरा झाला तर तो तोडणारं स्पॅनिंग ट्री मी चालूच केलं नव्हतं – घरात कशाला, म्हणून. कंपनीत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच झापलं असतं. चालू केल्याबरोबर त्यानं दोन वायरींचे पोर्ट बंद केले आणि नेट उठून बसलं. म्हणजे माझ्या वायरीशिवाय आणखी दोन आहेत, आणि त्यांतून सगळं गोल गोल फिरत होतं.

मागे जाऊन पाहिलं. गोठ्याच्या पत्र्यावरून दोन नव्या कोऱ्या वायरी! गजा केबलवाल्याला फोन लावला.

“वहिनी, काल सकाळी आबाजींनी टाकायला लावली, तिकडचा कॅमेरा दिसावा म्हनून. दुपारी कोंडाजींनी लावली, इकडचा दिसावा म्हनून. दोघं बोलले, कुनाला सांगू नको. मी नाय सांगितलं.”

१८ नोव्हेंबर

बाबांना विचारलं, पत्र्यावरची वायर तुमची का? “कसली वायर?”

काकांना विचारलं. “आमी कशाला टाकू?”

मग काढू? दोघांचंही एकच – “काढ.”

काढल्या. गुंडाळताना वाईट वाटलं. एक शब्द बोलले असते तर मी गुपचूप जोडून दिलं असतं.

२० नोव्हेंबर

काका काठी टेकत अंगण ओलांडून आमच्या ओट्यावर आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“दादा, तुझ्या सुनेला त्यातलं काय येत नाय रं.”

बाबा जरा सरकले. “नाय येत,” म्हणाले. “बस.”

मी चहा टाकला.