आरोग्य केंद्राची उंडी आणि माझा त्याग

५ जानेवारी, प्रातःकाल
प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हरितीकरण समितीचा अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड. अन्य कोणी उपस्थित नव्हते, ही बाब गौण. वीज गेली की लसींचा फ्रिज डिझेल जनरेटरच्या कृपेवर, आणि त्याचा धूर थेट प्रसूतिगृहात. उपाय: सौरऊर्जा. पद्धती: सहरचना, म्हणजे सर्वांनी एकत्र बसून, मी काय ठरवले आहे ते समजून घेणे.

केंद्राच्या कुंपणालगतच्या आमच्या खळ्यावर सुपारी उत्तम वाळते आहे. दिवसभर छायेचा लवलेश नाही. ईश्वरी कृपा.

८ जानेवारी
स्थलनिरीक्षण. केंद्राच्या छपरावर सावली धरून उंडीचे भलेथोरले झाड उभे. पर्यावरणरक्षणार्थ वृक्षतोड अपरिहार्य. मन विषण्ण झाले. चहानंतर सावरले.

सौ. मधुवंतीस योजना निवेदन केली. ती म्हणाली, हिरवं करायचं म्हणून हिरवं तेच कापायचं, हे मला काही कळत नाही. येताना कोथिंबीर आणा.
विचारवंताच्या गृही विचारास वाव नसतो.

१३ जानेवारी
प्रथम सहरचना सभा. सर्वांनी आपापल्या सूचना रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीस चिकटवाव्यात, अशी आधुनिक योजना. प्रास्ताविक लांबल्याने चिठ्ठ्या वाटायच्या राहिल्या. सभा निःशब्द. मौनं संमतिलक्षणम्.

अपवाद: मासळी विकणारी कमळ. नातवाला लस टोचून घ्यायला आली होती. म्हणाली, "भाऊ, सुई टोचली का पोराला अर्धा तास उंडीखालीच बसवतात. झाड पाडल्यावर काय तुमच्या मांडीवर बसवायची सगली पोरं?"

हशा. मी गांभीर्याने उत्तरलो की लोककार्यात वैयक्तिक स्वार्थास स्थान नाही. समूह ठरवील ते प्रथम मला बंधनकारक. वाक्य दोनदा उच्चारले. केंद्राच्या डॉक्टर मृणाली यांनी ते फळ्यावर लिहून ठेवले. गुणग्राहक बाई.

संकल्प: पुढील सभेत मितभाषण.

१९ जानेवारी
द्वितीय सभा. मितभाषणाचा संकल्प सिद्धीस गेला. माइक बंद पडला होता.

डॉक्टरांनी अंगणात खडूने परिसराचा नकाशा काढवला. दिवसभर ऊन कुठे पडते, तिथे प्रत्येकाने एक सुपारी ठेवायची. सुपाऱ्या अर्थातच मी पुरवल्या. सर्व एकाच जागी पडल्या. ती जागा कोणती हे पाहणार, तोच आतून बटाटेवड्यांचे बोलावणे आले.

परतलो तेव्हा सर्वजण माझ्याकडे विलक्षण आदराने पाहत होते. प्रजासत्ताकदिनी माझा सत्कार, असे ठरले म्हणे. कमळ म्हणाली, "एवढं मोठं मन न्हाय हो कुणाचं, भाऊ!"
जनता अखेर गुण ओळखते.

२६ जानेवारी
शाल. श्रीफळ. सरपंच रावजी यांनी मला 'दाते' संबोधले. ज्ञानदाता हा अर्थ गृहीत धरून मी नम्रपणे म्हणालो, हे तर काहीच नव्हे. आवश्यकता भासल्यास आणखी देईन. प्रचंड टाळ्या.

त्यानंतर डॉक्टरांनी जाहीर केले: उंडी राहील, सौर पॅनेल देवव्रतभाऊंच्या, म्हणजे माझ्या, खळ्यावर बसतील.

शाल खांद्यावर होती. श्रीफळ हातात होते. अशा अवस्थेत मनुष्य नकार कोणत्या अवयवाने देणार? प्रथम रांगेत सौ. सर्वांहून जोरात टाळ्या वाजवत होती.

२७ जानेवारी
शेजारी रघूची गच्ची अधिक योग्य, असा पर्याय सुचला. सौ. एवढेच म्हणाली, "मग शाल परत देऊन येता का? नारळाची चटणी झाली."

१२ फेब्रुवारी
पॅनेल बसली. दुपारी वीज गेली. फ्रिज चालू, जनरेटर मूक, प्रसूतिगृहात धूर नाही. मी प्रारंभापासून याच मताचा होतो.

सगळे खळे व्यापून पसरलेली ती पॅनेल पाहत सुपारीची पोती घेऊन उभा होतो. कमळने उंडीखाली रडक्या नातवासह सरकून जागा करून दिली.

सुपारी आता तिथेच पसरली आहे. सावली खरोखर उत्कृष्ट आहे. सुपारी वाळत नाही.