चौदा नंबरचा खांब

३ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणजे नाही. एक छदाम पाठवणार नाही. आईने आज फोनवर पुन्हा तेच लावलं — "थोडे तरी पाठव रे, त्यांना तुझ्याशी बोलायला निमित्त होईल." वा! बापाला लेकाशी बोलायला निमित्त लागतं! मागे खोकत होते, ऐकू आलं. फोनवर खोकला येतो, शब्द येत नाही. सव्वा वर्ष झालं. निघताना म्हणाले होते, "चार वर्षांत पाच कामं सोडलीस. तुझ्या हातात कला नाही, पायात भिंगरी आहे." ते आधी मागे घ्या, मग पैशांचं बघू.

आणि कला कुठली शिकवली? चुन्यात भिंत बांधायची! जग सिमेंटवर जाऊन म्हातारं झालं, आमचे बाबा अजून चुना भिजत घालून बसलेत — कोणीतरी बोलावेल म्हणून. सात वर्षांत कोणी बोलावलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भिंत घासली.

५ फेब्रुवारी, बुधवार

भिंत घासली. आज जरा या इमारतीबद्दल, आमच्या बाईसाहेबांबद्दल लिहितो, कारण दिवसभर त्यांचंच तोंड धुतोय. रेल्वेची इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना, राणीच्या काळातला, दीडशे वर्षांचा. आता इंजिन नाही, रूळ नाही, नुसती काजळी. ती काढली की इथे ऑफिसं होणार, कॉफीचं दुकान होणार. एका भिंतीवरची काजळी मात्र ठेवायची आहे. 'वातावरणासाठी'! माझ्या नाकात आहे तेवढी पुरली असती.

पण थाट काय! खिडक्यांना कमानी, वर गोल झरोके, लोखंडी खांबांच्या डोक्यावर लोखंडाची पानं. खाली माणसं भाजत होती आणि खांबाला पालवी! दारावर संगमरवरी पाटी — अध्यक्ष, मुख्य इंजिनिअर, कोनशिला बसवायला आलेले पाहुणे. विटा कोणी लावल्या ते नाही. आपोआप लागल्या असतील.

छप्पर करवतीच्या दातांसारखं, काचा सगळ्या उत्तरेला. मला वाटलं, कामगारांना ऊन लागू नये म्हणून. नकाशेबाई हसल्या. (जुन्या इमारतींच्या जाणकार आहेत, काखेत कायम नकाशांची गुंडाळी.) म्हणाल्या, "ऊन थेट आलं की सावल्या पडतात, माप चुकतं." म्हणजे काळजी मापाची होती. उगाच कृतज्ञ व्हायला लागलो होतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुकादमाने शिट्टी मारून सगळ्यांना गोळा केलं. माणसाला हाक मारायची त्याला लाज वाटते, म्हणून आम्ही त्यालाच शिट्टी म्हणतो. खांब आतून पोकळ निघालेत, बत्तीसच्या बत्तीस. पुढच्या गुरुवारी वरून काँक्रीट ओतून भरायचे. "जुन्या लोकांनी लोखंड वाचवलं!" शिट्टी म्हणाला. पाटी संगमरवरी लावणारे लोक लोखंड वाचवतील?

१० फेब्रुवारी, सोमवार

छपरावर पाठवलं, डांबर खरवडायला. दोन दातांच्या मध्ये पन्हळ आहे. नको नको म्हणताना डोळा उतारावर गेला. बाबांनी लहानपणी टाळक्यात हाणून हाणून भरवलंय — "आधी पाण्याची वाट बघ, मग भिंतीला हात लाव." पन्हळीचा उतार बाहेर भिंतीकडे नाही. मधे खांबाकडे आहे! चौदा नंबरच्या डोक्यावर डांबराखाली लोखंडी जाळी सापडली.

तो खांब नाही नुसता. नळ आहे. बत्तीस नळ! ते बुजवले तर छपरावरचा पाऊस जाणार कुठे?

शिट्टीला सांगितलं. "किती शिकलास?" — सातवी. "मग आठवीच्या गोष्टी कशाला करतोस?" नकाशेबाई गुरुवारपर्यंत बाहेरगावी. जाऊ दे, माझ्या बापाचं काय जातं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

जाऊ द्यायला जमलं नाही. जेवायच्या सुट्टीत कपड्यांच्या निळीची पुडी घेऊन वर गेलो. जाळीवर नीळ ओतली, पाण्याचा पाइप सोडला आणि शिडीने खाली पळालो. इंजिनाच्या पोटाखाली शिरून काम करायचा जुना खड्डा आहे, तिथे जाऊन बसलो. काही नाही. बसलो. काही नाही. म्हटलं, झालं — बाबा बरोबर होते, भिंगरीच आहे. आणि खड्ड्याच्या भिंतीतून, विटांच्या एका भोकातून, बारीक धार आली. निळी!

एकटाच ओरडलो. गाढवासारखा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काँक्रीटची गाडी दारात पोट फिरवत उभी. मी चौदा नंबरला पाठ लावून उभा. शिट्टी — "बाजूला हो, नाहीतर हिशेब घे आणि चालू लाग." सहावं काम सुटणार, बाबा खूश होणार. एवढ्यात नकाशेबाई आल्या. बोलायला गेलो तर तोंडातून "नीळ, नीळ" एवढंच निघालं. पण आल्या माझ्यामागे खड्ड्यात, चांगल्या बुटांनी. विटांवरचा निळा डाग बोटाने पुसला, गुंडाळी उघडली. प्रत्येक खांबात एक बारीक गोल काढलेला. "मला ही नक्षीची खूण वाटली होती," म्हणाल्या. मग गाडी परत पाठवली.

मोठी माणसं 'चुकलं' असं इतक्या सहज म्हणू शकतात, हे माहीत नव्हतं. आमच्या घरी तशी पद्धत नाही.

शिट्टीने माझा अर्धा दिवस कापला. पाणी वाया घालवलं म्हणून!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जमिनीखाली विटांच्या मोऱ्या सापडल्या. छपरावरचा पाऊस खांबातून उतरायचा, मोरीतून टाकीत जायचा आणि टाकीतून इंजिनाच्या पोटात. पावसाच्या पाण्याने बॉयलरला क्षार धरत नाही म्हणे. म्हणजे आकाशाला पण कामाला लावलं होतं या लोकांनी. पगार बहुतेक त्यालाही नाही.

मोऱ्या ढासळल्यात. सिमेंट चालणार नाही, त्याने जुनी वीट फुटते. नकाशेबाई सगळ्यांना विचारत होत्या, "चुन्यात बांधणारा माणूस आहे का कोणाच्या माहितीत? महिनाभर शोधतेय." सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मीही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाण्याची वाट बघायला तुला कोणी शिकवलं?"

म्हटलं, कोणी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

'कोणी नाही.' दोन दिवस घासतोय, निघत नाही. मी पण पाटीवरून नाव खोडणाऱ्यांतलाच की!

आईला फोन केला. बाबा काय करतायत विचारलं. "काय करणार? चुना ढवळतायत. सुकू देत नाहीत ना." मागे खोकला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नकाशेबाईंना बाबांचं नाव सांगितलं. पैसे आईच्या हाती नाही, त्यांच्याच नावाने पाठवले. सोबत निरोप — मोरी ढासळली आहे, थापी घेऊन या. फक्त येण्याचं तिकीट. भांडण लांबणार आहे, परतीचं आत्ताच काढून काय उपयोग?

पाठवले: दोन हजार एकशे चाळीस रुपये.