न्हाणीघराच्या भिंतीतले भोक

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका येईल त्याने सोबतचा डॉक्टरांचा दाखला पाहावा. जन्मभर धंदा एकच केला: लोकांची घरे उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राहतील अशी बंदिस्त करून देणे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीला. छताखाली जाड थर्माकोल, खिडक्यांना दुहेरी काचा, दारांना रबरी पट्ट्या, सगळे माझ्या हातचे आहे. तिची आई म्हणायची, "अहो, हे घर आहे का डबा?" मला ती शाबासकी वाटायची. अट एकच: न्हाणीघराच्या भिंतीत वर जे वीतभर भोक आहे, ते कितीही थंडी पडली तरी कोणी बुजवू नये. कारण तिसऱ्या कलमात आहे.

२. धाकट्या भावाने मला चारचौघांत "फटीबुजव्या" म्हटले होते. उरलेल्या रबरी पट्ट्या त्याला द्याव्यात, तोंडाला लावायला उपयोगी पडतील. फोम भरायची बंदूक मात्र कोणालाही देऊ नये. मोडून टाकावी.

३. अकरा वर्षांपूर्वी थंडीत त्या भोकातून वारा यायचा. इतका जीव ओतून उबदार केलेले घर तिथून गळत होते आणि ते मला बघवत नव्हते. गीझर मिस्त्री त्याच आठवड्यात गीझर साफ करून गेला होता. जाताना म्हणाला, "काका, ते भोक बुजवू नका हं. गॅसचा गीझर आहे, आतल्या आत माणूस जाईल." मी म्हटले, "तू तुझं काम कर." आणि फोम भरून वर रंग लावला. तिसऱ्या दिवशी मुलीची आई आंघोळीला गेली ती चालत बाहेर आली नाही.

लोक जमायच्या आत मी फोम खरवडून काढला. सगळ्यांनी मिस्त्रीला धरले आणि मी गप्प बसलो. त्याचे दुकान बुडाले, लोक त्याला दारात उभे करीनात. मुलगी आजही तो दिसला की रस्ता बदलते. त्याची काहीही चूक नव्हती. तिची आई माझ्यामुळे गेली. हे कलम मुलीने माझ्या पश्चात मिस्त्रीसमोर मोठ्याने वाचावे.

साक्षीला मी मुद्दाम त्यालाच बोलावले. त्याने सगळे वाचून चष्मा काढला.

"मला माहीत होतं, काका. भोकाच्या कडेला फोम राहिला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तिची आई गेली होती. बापही काढून घेऊ?"

मी पेन पुढे केले. त्याने ते टेबलावर ठेवून दिले.

"तुम्ही गेल्यावर नको. आधी तिला तोंडाने सांगा, मग करतो सही."

साक्षीदार पहिले: शेजारचे निवृत्त मास्तर. सही झाली.
साक्षीदार दुसरा: गीझर मिस्त्री. जागा मोकळी ठेवली आहे.
ठिकाण: राहते घर.
दिनांक: घालायचा आहे. मुलीला फोन केला, ती निघाली आहे.