मालक कुणाच्या ताब्यात

बाबा,

भामट्याच्या पट्ट्याची दोरी शोधत घर उलटंपालटं करू नका, ती माझ्या पिशवीत आहे. जेवण झाकून ठेवलंय. त्याला तुमच्या ताटातलं देऊ नका, त्याचं त्याला वाढलंय.

आजपासून त्याला गोल्फच्या मैदानावर बंदी. वीस वर्षं तिथलं गवत तुम्ही कापलंत, पण साहेब नवे आहेत. नियमांचा फलक मीच टाइप केला होता: ‘कुत्रा मालकाच्या ताब्यात हवा.’ काल त्याच ओळीवर बोट ठेवून साहेब म्हणाले, “तुझे वडील खेळाच्या मधोमध उभे, आणि कुत्रा त्यांना फाटकाकडे ओढतोय! इथे मालकच कुत्र्याच्या ताब्यात आहे.” सगळं ऑफिस खो खो हसलं. नोकरी आहे, मीही दात काढले.

काय करणार? रोज तुम्हाला घराची वाट तोच दाखवतो, हे सांगितलं असतं तर तुम्हालाही बंदी झाली असती.

दुपारी लवकर येते. तोवर तो दाराशी कितीही भुंकला तरी बाहेर पडू नका. मग तिघं कुंपणाबाहेरून फिरून येऊ.

दोरी मी धरते.