उजवा पाय, डावा कान

मी, उर्सुला अंतोन रुमाव, वय एकोणसत्तर, अविवाहित, धंदा नृत्यदिग्दर्शन, मूळची नंदाखालची, हल्ली मुक्काम आचोळे, नालासोपारा पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकणारा एकच माणूस होता, तो आता अंथरुणाला खिळला आहे. याआधी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. नंदाखालच्या नारळ-केळीच्या बागेतला, वडिलांच्या मागे माझ्या नावावर आलेला हिस्सा मी माझी भावजय ॲनी हिला एकटीला देते. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ फ्रेडरिक, याचा त्यावर कसलाही हक्क नाही. कारण लिहिण्याची कायद्याने गरज नाही, असे वकीलबाई म्हणतात. मला गरज आहे.

१९७४ साली मी एकोणीस वर्षांची होते. दादरला एका नाटकात मागच्या ओळीत नाचत होते आणि घरी शिवणक्लासला जाते असे सांगत होते. वर्तमानपत्रात नाटकाचा फोटो छापून आला, त्यात माझा चेहरा स्पष्ट होता. मी दुपारी घरी आले तेव्हा फ्रेडरिक बागेत केळीसाठी खड्डे खणत होता. त्याने वेणी धरून मला आडवी पाडली आणि हातातल्या पहारेने माझा उजवा घोटा ठेचला. तीन घाव घातले. आमच्या बोलीत तो जे बोलला ते या कागदावर नको. अर्थ इतकाच, की नाच आता. बाबा ओट्यावर होते. त्यांनी मान फिरवली. ॲनीच्या लग्नाला दोन महिने झाले होते. ती मध्ये पडली, तिचे पुढचे दोन दात गेले. तोंडातून रक्त गळत असताना तिनेच लुगडे फाडून माझा पाय बांधला आणि केळीच्या टेम्पोत घालून मला दवाखान्यात नेले.

पोलिसांना मी सांगितले, विहिरीच्या पायरीवरून घसरले.

२. पाय वाकडा जुळला. नाचणे संपले, पण डोक्यात मात्रा चालूच राहिल्या. आमच्या नृत्यमास्तरांनी मला खुर्चीवर बसवून मुलींच्या चुका पकडायला ठेवले. मास्तर छडीने मारत आणि मुली सुधारत. नाच बसवण्याबरोबर मी तेही शिकले. पुढे नाटकांच्या जाहिरातीत माझे नाव आले, मग एकतीस सिनेमे केले. चालायला लागणारी माझी शिसवी काठी कितीजणींच्या पोटऱ्यांवर उमटली, ते मला आठवत नाही. त्यांना आठवत असेल. ही काठी मोडून जाळावी. माझ्याबरोबर पुरू नये.

३. कपाटातली ट्रॉफी मोडीत घालावी. ज्या गाण्यासाठी ती मिळाली त्याची तालीम नायगावला सेटवर, उंच मचाण बांधून चालू होती, साल २००४. पुढच्या ओळीत पाचूबंदरची रिचेल परेरा होती, वय एकवीस. तिच्याइतकी चपळ मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. एका गिरकीला ती सहाव्यांदा चुकली आणि स्वतःशीच हसली. मला वाटले, माझ्या पायाला हसली. मी काठी फिरवली, ती तिच्या डाव्या कानावर बसली. कानातून रक्त आले, ती भिंतीला धरून खाली बसली. मी सगळ्यांना बजावले, ‘मचाणावरून पडली म्हणून सांगायचं.’ तिलाही तेच बजावले. संध्याकाळी तिच्या जागी दुसरी मुलगी उभी केली. रिचेलचा तो कान कायमचा गेला आणि गिरकी घेताना तोल जाऊ लागला. त्यानंतर ती नाचली नाही. आता ती मासळी विकते.

४. आचोळ्याची माझी स्वकष्टार्जित सदनिका मी या रिचेलला देते.

५. फ्रेडरिकला काहीही देत नाही. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला, तेव्हा मी पाहायला गेले. तो म्हणाला, "विसर आता सगळं." मी काठीचे टोक त्याच्या घोट्यावर टेकवले आणि अंगाचा सगळा भार दिला. हाड कुरकुरलेले मला हाताला कळले. त्याने डोळे मिटले. ॲनी मात्र धावत आली. "आता तूपण?" एवढेच ती म्हणाली. मी काठी उचलली. मला बरे वाटत होते, हेही खरे म्हणून लिहिते.

६. माझ्या शवपेटीला फ्रेडरिकच्या कुठल्याही मित्राने खांदा देऊ नये.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील सुमेधा राऊत यांनी करावी.

८. हे कलम आज, सहीच्या दिवशी, वाढवले आहे. मी रिचेलला वकीलबाईंच्या कचेरीत बोलावून वरचे सारे वाचून दाखवले. ती म्हणाली, "मॅडम, मला घर नको. वीस वर्षं सांगते, मचाणावरनं पडली म्हनून. आई पन तेच खरं मानून गेली. आता घर घेतलं तर गावात म्हनतील, मॅडमचा किती जीव होता हिच्यावर."

"मग काय हवं तुला?" मी विचारले.

"तुम्ही हे लिहिलंत, त्याची साक्षीदार मी होनार."

वकीलबाईंनी समजावले, "साक्षीदार म्हणून सही केलीस तर यातलं काहीच तुला मिळणार नाही. कायदा तसा आहे."

रिचेलने उजवा कान पुढे केला. "परत बोला."

वकीलबाई मोठ्याने बोलल्या.

"कळलं. पेन द्या."

सबब कलम चार रद्द. सदनिकाही ॲनीला द्यावी. सत्तराव्या वर्षी का होईना, आतून कडी लावता येईल असे तिचे एक दार असावे.

वाचले, समजले, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली आणि माझ्यादेखत त्यांनी केली.

ठिकाण: वसई
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

(सही) उर्सुला अंतोन रुमाव

साक्षीदार:
१. (सही) डॉ. कौस्तुभ चंद्रहास वर्तक, वसई
२. (सही) रिचेल स्टीवन परेरा, पाचूबंदर. मी पडले नव्हते.