आज कोणती फिरकी लावायची

प्रिय नवरोबा,

पाकिटावरची वाकडी अक्षरं बघूनच तुला कळलं असेल की हे तुझ्या म्हाताऱ्या आजीचं, शोशोचं काम. तुझी आई म्हणाली होती, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नको गं बाई, नवराबायकोचं बोलणं सुनेच्या हातून कशाला? मिशनच्या शाळेत तीन इयत्ता झाल्यात माझ्या, चौथीत गेले असते तर शेळ्या कुणी राखल्या असत्या? तेव्हा जिथे लागणार नाही तिथे अंदाजाने वाच. आणि आधी ही बातमी ऐक, मग बाकीचं. मी मासा पकडला. खरा ट्राउट, वीतभराहून मोठा, पोट सोनेरी, अंगावर लाल ठिपके, आणि गळावर गरगरणाऱ्या तुझ्याच हातच्या पत्र्याच्या फिरकीवर. मला इतका आनंद झाला की मी चिखलात बसलेच, आणि मासा माझ्या ओच्यात उड्या मारत होता. आता तुला ठाऊक आहे, माशाला मी तोंड लावत नाही. माझ्या आईने लावलं नाही, तिच्या आईने नाही. पाण्यातला साप म्हणायच्या त्या त्याला. मग या एवढ्या विजयाचं करायचं काय? शेवटी त्या ओकेलो मास्तरांना दिला, ते मोठ्या तळ्याकडचे, मासे खाणारे. त्यांनी डोक्यासकट खाल्ला म्हणे, आणि आता रस्त्यात भेटले की मला वाकून नमस्कार करतात.

बाकी घरी सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. धुकं दुपारपर्यंत हलत नाही, चहाची पानं खुडताना बोटं लाकडासारखी होतात. लाल गाय व्यायली. तुझी आई न्यागुथी तू गेल्यापासूनच्या दोन्ही नाताळांना तुझ्या वाटणीचं मटण झाकून ठेवून बसली होती, मग तेच आम्ही दुसऱ्या दिवशी मक्याघेवड्याच्या गिथेरीत घालून खाल्लं. या घरात हल्ली न बोलायची सवयच झालीय. तू येशील की नाही हे तोंडाने कुणी विचारत नाही, पण कुत्रं भुंकलं की तिघांचीही मान दाराकडे वळते.

तुझा बाप तुला आता काय म्हणतो माहीत आहे? 'नैरोबीचा' म्हणतो. नैरोबीच्याचा कोट अजून खुंटीवर आहे. नैरोबीच्याने लावलेला पेरू फळला. पूर्वीसारखं 'बाबा' नाही. तू झालास आणि आपल्या रीतीने तुला माझ्या नवऱ्याचं, थेउरीचं नाव लागलं, तेव्हापासून तू माझा नवरा आणि मुताहीचा, तुझ्या बापाचाच, बाप. तू रांगत होतास तेव्हा मी तुला म्हणायचे, अहो, नुसते काय लोळताय, लाकडं कोण फोडणार? आणि तो, नदीवरचा राखणदार, खाकी कोट घातलेला, ज्याला बघून माणसं गळाच्या काठ्या टाकून पळायची, तो तुझ्यापुढे वाकून म्हणायचा, बाबा, जेवायला चला. बाबा, चड्डी घाला. सगळी आळी हसायची. नियमाचा पक्का माणूस तो, आणि हा नियम त्याने कधी मोडला नाही, त्या एका सकाळपर्यंत.

त्या सकाळचं मी लिहिणार नव्हते. पण घडलेलं लिहिलं नाही म्हणून ते काही मिटत नाही. पुलाच्या वर गळाला फक्त पिसाची खोटी माशी लावायची, फिरकी चालायची असेल तर पुलाखाली, हे तुला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. तरी तू वर गेलास. चोरी करायला गेला नव्हतास, धबधब्याखालच्या खोल पाण्यात तुझं नवं पातं कसं फिरतं ते बघायला गेला होतास, हे मी मागाहून समजले. पण तिथे मासेमारीला आलेले पाहुणे उभे होते, आणि त्यांच्यातला एकजण म्हणाला की राखणदाराच्या घरच्यांना नियम नसतो वाटतं. तुझ्या बापाने तुझ्या हातातून काठी घेतली, फिरक्यांचा डबा घेतला आणि सगळ्यांसमोर तुझ्या कानाखाली वाजवली. एकच. पण तो हात भाल्याच्या दांड्यासारखा आहे. तू खाली उतरलास आणि संध्याकाळच्या गाडीने नैरोबीला गेलास.

आता ऐक. मोठा पाऊस संपला, आणि एका संध्याकाळी तो माझ्या चुलीपाशी येऊन बसला. त्याच्या हातात दुकानातून आणलेली एक फिरकी, तळहाताएवढी, आरशासारखी, लाल गोंडा लावलेली. मला म्हणाला, आई, ही कशी आहे? मला वाटलं त्याचं डोकं फिरलं. जन्मभर ज्याने फिरकीकडे पाद्रीबाबा दारूच्या बाटलीकडे बघतात तसं बघितलं, तो मला विचारतोय. मी म्हटलं, लग्नात गळ्यात घालायला छान आहे. तरी दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन पुलाखाली गेला. मी मागोमाग गेले, मजा बघायला. पाणी निवळशंख, ऊन पडलेलं, आणि त्याने ते आरशाचं धूड धपकन टाकलं. दगडांमागचे सगळे मासे असे पळाले जसे काही करवसुलीवाले आले. चहाच्या वजनकाट्यावरचे लोक पुलावरून बघत होते. एकजण ओरडला, मुताही, मासे पकडतोयस की हाकलतोयस? दुसरा म्हणाला, राखणदार आहे तो, राखतोय त्यांना. तो नुसता दोर गुंडाळत राहिला. पूर्वी उलट ऐकवलं असतं.

मग मी तुझा डबा काढला. हो, त्याने तो फेकला नव्हता. कोकोचा तो डबा त्याच्याच पलंगाखाली होता, पुसून ठेवलेला. आणि मी, तीन इयत्तावाली, त्याला शिकवायला लागले, कारण तू माझ्याच धुण्याच्या परातीत एकेक फिरकी ओढून बघायचास आणि मी घेवडा सोलता सोलता सगळं ऐकत असायचे. पाणी गढूळ असेल, आभाळ भरलेलं असेल, तर चांदीसारखं रुंद पातं, म्हणजे माशाला दिसेल तरी. पाणी स्वच्छ आणि ऊन असेल तर लहान, पितळी, आणि तेसुद्धा माझ्या चुलीच्या धुरावर काळवंडलेलं. माझं धुराडं तू किती वेळा पात्यांनी भरलंस आणि मी किती ओरडले. थंडीत मासा आळशी असतो, तेव्हा जड फिरकी, तळाजवळून, पातं जेमतेम फिरेल इतकी हळू. आणि ओढायची पाण्याच्या वेगाहून थोडी जास्त, नाहीतर ती नुसती पानासारखी वाहत जाते. आठवतंय तुला, तू म्हणायचास की शोशो, माशाला भूक लागलेली नसली तरी चालेल, त्याला राग आला पाहिजे? मी हेही त्याला सांगितलं. त्याने फिरकीचं पातं बोटाने फिरवलं. मग म्हणाला, हे सगळं त्याने मला कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, तू कधी विचारलंस?

तेव्हापासून रोज सकाळी हेच. कोट चढवतो, बाहेर जाऊन आभाळ बघतो, आत येतो, डबा माझ्यापुढे ठेवतो. आई, आज कोणती फिरकी लावायची? पन्नाशी उलटलेला माझा मुलगा मला रोज काहीतरी विचारतो, या सुखासाठी मी आणखी दहा वर्षं जगेन. पण सुखाला कुठेतरी काटा असतोच. तो नीट जेवत नव्हता. मासा लागला तर सोडून द्यायचा, नाही लागला तरी तसाच घरी यायचा, हरल्याजिंकल्याचं काही नाही. हा मासे पकडायला जात नाही हे मला दिसत होतं. कशाला जातो ते दिसत नव्हतं.

मागच्या आठवड्यात तुझी ती काळं पातं आणि पिवळे ठिपके असलेली फिरकी पाण्यातल्या ओंडक्यात अडकली. दोर ताणला, तुटला. मी म्हटलं, जाऊ दे, डब्यात आणखी आहेत. त्याने बूट काढले आणि सरळ पाण्यात शिरला. मुताहीला पोहता येत नाही. बर्फासारखं पाणी छातीपर्यंत आलं, मग गळ्यापर्यंत, आणि मी काठावरून लहान पोराला हाका माराव्यात तशा हाका मारत होते. तो ओंडका धरून खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. शेवटी आला बाहेर, फिरकी मुठीत, आणि गळ तळहातात रुतलेला, रक्त गळतंय. मी त्याला वाट्टेल ते बोलले. एका पत्र्याच्या तुकड्यापायी माझ्यादेखत मरणार होतास का, म्हणाले. दात वाजत होते त्याचे. म्हणाला, "आई, त्याला त्या कानाने ऐकू येत नाही."

न्जोकीने सांगितलं त्याला. तुझ्या शेगड्यांच्या कारखान्याच्या तोंडाशी अॅव्होकाडो विकते ना, ती मोठ्या पावसानंतर गावी आली होती. तिला काय माहीत आपल्यातलं. चहाच्या काट्यावर सहज बोलून गेली की थेउरीला हाक मारायची तर उजवीकडे जाऊन मारावी लागते, डाव्या कानाने बहिरा आहे तो, विचारलं तर हसतो, म्हणतो लहानपणापासून असंच आहे. लहानपणापासून नाही, हे मला ठाऊक आहे. लहानपणी तू दोन मळ्यांपलीकडून माझ्या तव्याचा आवाज ऐकून यायचास. त्याच संध्याकाळी तो ती दुकानातली फिरकी घेऊन माझ्या चुलीशी आला होता, हे मला काठावर उभं राहून कळलं. तू कोणाला सांगितलं नाहीस. त्याला वाचवायला नाही सांगितलंस, की त्याचं नावच काढायचं नव्हतं म्हणून, हे मी विचारणार नाही.

तर नवरोबा, एवढी पानं मी का खरडली ते आता सांगते. आम्ही फोन केला की तू हूं हूं करून ठेवून द्यायचास, आणि आम्ही तिघं समजायचो की राग अजून गेला नाही. एका कानावर फोन, आणि भोवती दिवसभर शेगड्यांचे पत्रे ठोकतायत. तुला आमचं किती पोचत असेल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. म्हणून बोलत नाही, लिहितेय. तुझा बाप पंचांतल्या म्हाताऱ्या न्दिरांगुकडे गेला होता. म्हणाला, बापावर हात उचललाय, रीतीप्रमाणे माफीचा मेंढा कापायचाय, तुम्ही येऊन बसा. न्दिरांगु म्हणाला, तुझा बाप पुरून वीस वर्षं झाली, आता कुठली आठवण? तेव्हा तो म्हणाला, "मी ज्याला मारलं तो जिवंत आहे." पाद्रीबाबांना मेंढ्याचं पटलं नाही, पण येतो म्हणालेत, मटण सोडवत नसेल. थेउरी, मुलाची माफी कशी मागायची हे आपल्याकडे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. बापाची मागायची रीत आहे. त्याला तेवढी एकच वाट सापडलीय. तू माफ कर असं मी म्हणत नाही. कान तुझा गेलाय, माझा नाही, आणि मी तुझी बायको तशी त्याची आई आहे, माझं ऐकण्यात काही अर्थ नाही. मेंढा बांधलेला आहे, तू सांगशील तो शनिवार. नाही आलास तर तो मेंढा म्हातारा होईल, दुसरं काही होणार नाही. पण आलास तर एक कर. अंगणात बसताना त्याच्या डाव्या हाताला बस, म्हणजे तो तुझ्या चांगल्या कानाकडे येईल. तो फार हळू बोलणार आहे, आणि ते त्याला दुसऱ्यांदा म्हणता येईल असं मला वाटत नाही.

तुझीच बायको,
गाथोनी